पटावरची हाणामारी, फाशांचा कौल

शनिवारची सकाळ. इंग्लंड, इटली, स्पेन किंवा जर्मनीतील एखाद्या शहरातले साधेसे सभागृह. टेबलांच्या लांबच लांब रांगा, प्रत्येक टेबलावर चौकोनांनी आखलेला पट आणि त्याच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर बसलेली माणसे. वय पंचविशीपासून साठीपर्यंत. कुणाच्या हातात चहाचा कप, तर कुणाच्या हातात बारीक कुंचला. आदल्या रात्री अपुरी राहिलेली एका चिमुकल्या ऑर्कची खांदेपट्टी अजून रंगवून व्हायची आहे. थोड्याच वेळात आयोजक पहिल्या फेरीच्या जोड्या जाहीर करतो, हस्तांदोलने होतात आणि सभागृहात एकाच वेळी शेकडो फासे खुळखुळू लागतात. पुढचे दोन दिवस या माणसांना एकच चिंता असते, ती म्हणजे आपल्या बोटभर उंचीच्या खेळाडूने चेंडू धरून पलीकडची रेषा गाठली की नाही.

या खेळाचे नाव 'ब्लड बाऊल'. अमेरिकन फुटबॉल आणि अद्भुतकथांतील जग यांचे हे विडंबनात्मक मिश्रण आहे. मैदानावर माणसांबरोबर ऑर्क, बुटके, एल्फ, उंदीरमानव, चालतीबोलती प्रेते आणि प्रसंगी झाडेसुद्धा उतरतात. नियम साधा: चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या पट्ट्यात नेला की एक टचडाऊन, म्हणजे एक गुण. तो नेताना आड येणाऱ्याला धक्का देणे, पाडणे, जायबंदी करणे हे सारे कायदेशीर. नाव ऐकून हा पोरखेळ वाटण्याची शक्यता आहे. मात्र तो स्पर्धेत खेळणाऱ्यांची तयारी पाहिली, की बुद्धिबळाच्या पटावरील गांभीर्याची आठवण झाल्यावाचून राहत नाही. फरक एवढाच, की बुद्धिबळात घोडा प्यादे मारायला गेला आणि स्वतःच घसरून पडला, असे कधी होत नाही. येथे ते दर काही मिनिटांनी होते.

कंपनीने सोडले, खेळाडूंनी सांभाळले

ब्रिटनमधील 'गेम्स वर्कशॉप' या कंपनीने १९८६ मध्ये हा खेळ प्रथम बाजारात आणला. त्याचा कर्ता जर्व्हिस जॉन्सन. पहिल्या आवृत्तीतील खेळाडू पुठ्ठ्याचे होते. १९८८ च्या दुसऱ्या आवृत्तीबरोबर प्लास्टिकच्या प्रतिकृती आणि थर्मोकोलसारख्या जाड पदार्थाचे करडे मैदान आले. मैदानाचे नाव 'अ‍ॅस्ट्रोग्रॅनाइट', म्हणजे कृत्रिम हिरवळीच्या जागी साक्षात दगड! या काल्पनिक जगात फाशांचा एक देवही आहे. त्याचे नाव 'नफल'. अमेरिकेतील नॅशनल फुटबॉल लीगच्या 'एनएफएल' या आद्याक्षरांचा सलग उच्चार केला की हे दैवत प्रकट होते. फासा उलटा पडला की खेळाडू याच देवाच्या नावाने बोटे मोडतात.

खेळाला आजचे रूप मिळाले ते १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीत. 'टर्नओव्हर' हा नियम तेव्हा आला आणि त्याने सारेच बदलले. आपली पाळी चालू असताना आपलाच खेळाडू पडला किंवा चेंडू हातातून निसटला, तर पाळी तिथेच संपते. उरलेले दहा खेळाडू हलवायचे राहून गेले असले तरी ते जागच्या जागी राहतात. स्पर्धेतील सगळे डावपेच, सगळा थरार आणि सगळे शिव्याशाप या एका नियमातून जन्मतात.

पुढे कंपनीचे या खेळाकडे लक्ष हळूहळू कमी होत गेले आणि २०१३ च्या सुमारास तो विक्रीतूनही बाहेर पडला. दुसरा एखादा खेळ अशा वेळी माळ्यावर गेला असता. ब्लड बाऊल मात्र टिकला, आणि याचे श्रेय स्पर्धांना जाते. २००० च्या दशकाच्या सुरुवातीला स्थापन झालेली 'नॅफ' ही खेळाडूंची आंतरराष्ट्रीय संघटना स्पर्धांना मान्यता देत राहिली, निकालांची नोंद ठेवत राहिली. बुद्धिबळातील एलो गुणांकनाच्या धर्तीवर प्रत्येक खेळाडूचे गुणांकन होऊ लागले, तेही प्रत्येक वंशाच्या संघासाठी स्वतंत्रपणे. एखादा गृहस्थ बुटक्यांचा संघ घेऊन वाघ असेल. तोच एल्फ घेऊन उतरला तर शेळी. लहान शिल्पकारांनी आणि इटली, स्पेनमधील छोट्या निर्मात्यांनी नव्या प्रतिकृती घडवल्या. अखेर २०१६ मध्ये कंपनीने खेळ नव्याने बाजारात आणला आणि २०२० मध्ये त्याची पुढची आवृत्ती काढली. मालकाने वाऱ्यावर सोडलेला खेळ गिऱ्हाइकांनी जगवून मालकाला परत केला, अशी उदाहरणे व्यापारात फारशी नाहीत.

या संघटनेचा विश्वचषक साधारण चार वर्षांनी भरतो. २०११ मध्ये तो अ‍ॅमस्टरडॅमला, २०१५ मध्ये इटलीतील लुक्का येथे, २०१९ मध्ये ऑस्ट्रियातील डॉर्नबिर्नला आणि २०२३ मध्ये स्पेनमधील अलिकान्ते येथे झाला. सहा-सहा जणांचे चमू, एकाच छपराखाली हजाराहून अधिक स्पर्धक. रोख बक्षिसासाठी येथे कुणी येत नाही. विमानाचे तिकीट, हॉटेल आणि प्रवेश शुल्क स्वतःच्या खिशातून भरून, नोकरीवरची रजा खर्च करून माणसे येतात आणि सामने खेळून परततात.

सव्वीस बाय पंधरा

पट २६ चौकोन लांब आणि १५ चौकोन रुंद असतो. दोन्ही टोकांचा एकेक पट्टा म्हणजे टचडाऊनचा प्रदेश. प्रत्येक बाजूचे अकरा खेळाडू मैदानात उतरतात. त्यातील किमान तिघांनी मध्यरेषेवर छातीला छाती भिडवून उभे राहावे लागते आणि दोन्ही कडेच्या पट्ट्यांत दोनहून अधिक खेळाडू मांडता येत नाहीत. दोन अर्ध असतात आणि प्रत्येक अर्धात प्रत्येकाला आठ पाळ्या, म्हणजे सामन्यात फक्त सोळा. खेळणाऱ्याला येथे 'कोच' म्हणतात. एका पाळीत कोच आपला प्रत्येक खेळाडू एकदा हलवू शकतो. पण धावत जाऊन धडक देणे एकदाच, चेंडू फेकणे एकदाच, पडलेल्या माणसाला लाथ मारणे, अर्थात फाउल, तेही एकदाच. फाउलच्या फाशांवर दोन सारखे आकडे आले की पंचाच्या नजरेस पडल्याचे मानून खेळाडूला मैदानाबाहेर काढले जाते. नजर चुकवण्यासाठी लाच देण्याची सोयही नियमपुस्तकात आहे!

प्रत्येक उभ्या खेळाडूचा भोवतालच्या आठ चौकोनांवर वचक असतो. त्या वचकातून निसटायचे तर फासा टाकावा लागतो. साधारण चपळाईच्या मानवी खेळाडूला मोकळ्या चौकोनात निसटताना तीन किंवा अधिक लागतात, म्हणजे तीनपैकी दोन वेळा जमते. एल्फांना दोन पुरतात. ठरलेल्या चालीपेक्षा एक-दोन चौकोन जास्त पळायचे असेल, तर प्रत्येक जादा चौकोनासाठी पुन्हा फासा, आणि त्यावर एक पडला की धावणारा तोंडावर आपटतो. हवामानसुद्धा फाशांवर ठरते. सहापैकी पाच वेळा ते स्वच्छ असते. उरलेल्या एका वेळी ऊन, पाऊस किंवा हिमवादळ सगळे बेत उधळून लावते.

भिडंतीचे फासे निराळे असतात. त्यांच्या सहा बाजूंवर आकड्यांऐवजी चित्रे असतात: एका बाजूवर हल्लेखोर पडतो, एका बाजूवर दोघेही पडतात, दोन बाजूंवर समोरचा मागे ढकलला जातो, एका बाजूवर समोरचा अडखळतो आणि एका बाजूवर सरळ आडवा होतो. दोघांची ताकद सारखी असेल तर एक फासा टाकायचा. एकाची जास्त असेल तर दोन, दुपटीहूनही अधिक असेल तर तीन. आणि त्यांतला कोणता मानायचा ते बलवानाचा कोच ठरवतो. ताकद वाढवण्याचा सोपा उपाय म्हणजे शेजारी सोबती उभा करणे. कबड्डीत चढाईपटूला एकट्याने पकडण्यापेक्षा साखळी करून घेरणे का फायद्याचे, हे ज्याला कळते त्याला हा नियम वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

या साखळीचे महत्त्व आकड्यांत पाहण्यासारखे आहे. एकट्याने, एका फाशावर भिडल्यास हल्लेखोराचा घात होण्याची शक्यता तीनात एक. सोबती उभा करून दोन फासे मिळवले तर ती नवात एक होते. हल्लेखोराला 'ब्लॉक' हे कौशल्य असेल, म्हणजे दोघे पडण्याच्या चित्रावर तो स्वतः उभा राहत असेल, तर छत्तिसात एक. याउलट, घाईघाईत आपल्यापेक्षा बलवानावर धावून गेले आणि दोन फाशांची निवड त्याच्या कोचला मिळाली, तर कौशल्य नसलेला हल्लेखोर नवापैकी पाच वेळा तोंडघशी पडतो. तीच माणसे, तोच पट, तेच फासे. नवशिक्या आणि मुरलेला यांच्यातील अंतर बहुधा एवढेच असते, की मुरलेला कोच भिडण्याआधी एक माणूस शेजारी सरकवतो.

पडलेला खेळाडू लगेच मरत नाही. आधी त्याचे चिलखत भेदले गेले का हे दोन फाशांवर पाहतात, मग दुखापत. २०२० च्या नियमांत साध्या मानवी खेळाडूचे चिलखत भेदायला नऊ किंवा अधिक लागत. छत्तीसपैकी दहा वेळा तसे घडते. त्यानंतर गंभीर दुखापतीसाठी दहा किंवा अधिक, म्हणजे सहात एकदा. गुणाकार केला तर मानवी खेळाडूला शंभर वेळा पाडल्यावर साधारण पाच वेळा तो स्ट्रेचरवर जातो. तलम चिलखताच्या वनवासी एल्फाचे हे प्रमाण सुमारे सात, तर जाडजूड बुटक्याचे तीनाच्या आत. म्हणूनच एल्फांचा कोच मार टाळत पळतो आणि बुटक्यांचा कोच रांग धरून सावकाश पुढे सरकतो. मैदानाच्या कडेला उभे राहणे तर सर्वांत धोक्याचे. धक्का बसून खेळाडू रेषेबाहेर गेला, तर चिलखत न पाहता प्रेक्षकच त्याला बदडून काढतात.

दहा लाखांचे गणित

स्पर्धेची खरी सुरुवात कित्येक आठवडे आधी, घरी, कागद-पेन्सिलीवर होते. बहुतेक स्पर्धांत संघ उभारण्यासाठी दहा लाख किंवा त्याहून थोड्या अधिक काल्पनिक सुवर्णमोहरा दिल्या जातात. २०२० च्या दरांनी मानवी संघाचा एक सरळसोट हिशेब असा मांडता येत असे: चार ब्लिट्झर तीन लाख चाळीस हजारांना, एक थ्रोअर ऐंशी हजारांना, दोन कॅचर एक लाख तीस हजारांना, पाच साधे खेळाडू अडीच लाखांना. बारा जण झाले, आठ लाख गेले. उरलेल्या दोन लाखांत पन्नास हजारांची तीन री-रोल, म्हणजे बिघडलेला फासा पुन्हा टाकण्याची मुभा, आणि पन्नास हजारांचा एक वैद्य. पै न पै खर्च. आता एक लाख चाळीस हजारांचा धिप्पाड ओगर हवा असेल, तर कुणाला काढायचे? एक री-रोल सोडून तेरावा माणूस घ्यावा का? सामन्यात दोन-तीन जण जायबंदी होणारच. नऊ जणांनी शेवटच्या पाळ्या खेळायच्या की फासा पुन्हा टाकण्याची सोय गमवायची? असे प्रश्न चहाच्या टपरीवर क्रिकेटच्या अंतिम अकरांवर होणाऱ्या चर्चेइतकेच न संपणारे आहेत.

घरगुती लीगमध्ये खेळाडू सामन्यागणिक अनुभव मिळवतात आणि मरतातही. दोन दिवसांच्या स्पर्धेत तसे केले, तर पहिल्याच सामन्यात निम्मा संघ गमावलेल्याने पुढचे पाच सामने काय करायचे? म्हणून बहुतेक ठिकाणी 'पुनर्जन्म पद्धत' चालते. सामना संपला की सगळे मेलेले जिवंत होतात आणि पुढच्या फेरीत दोन्ही संघ पुन्हा ताजेतवाने. जादा कौशल्ये आयोजकाने ठरवून दिलेल्या मर्यादेत आधीच वाटून घ्यायची असतात. येथे आयोजकाची कसोटी लागते. सगळे वंश सारखे बलवान नाहीत आणि ते मुद्दामच तसे घडवलेले आहेत. त्यामुळे दुबळ्या संघांना जास्त कौशल्ये, बळकट संघांना कमी, अशी प्रतवारी केली जाते. ती जमली नाही, तर अर्ध्या सभागृहात एकाच वंशाचे संघ दिसू लागतात आणि स्पर्धेची गंमत जाते.

जोड्या लावण्याची रीत मराठी बुद्धिबळप्रेमींच्या परिचयाची आहे: स्विस लीग. पहिल्या फेरीनंतर जिंकलेला जिंकलेल्याशी, हरलेला हरलेल्याशी खेळतो. कुणी बाद होत नाही. दिवसाला तीन याप्रमाणे दोन दिवसांत सहा सामने, आणि प्रत्येक सामना साधारण सव्वादोन तासांचा. शनिवारी तिसरा सामना संपतो तेव्हा डोके भणभणलेले असते. रविवारी सकाळच्या फेरीत होणाऱ्या चुका बहुधा नियमांच्या अज्ञानामुळे होत नाहीत, अपुऱ्या झोपेमुळे होतात.

शेवटची पाळी

आता एक प्रसंग कल्पावा. रविवारची दुपार, सहावी फेरी. आतापर्यंतच्या पाच सामन्यांत तीन विजय, एक बरोबरी, एक पराभव मिळवलेला एक कोच टेबलाशी बसला आहे. जिंकला तर वरच्या दहांत, बरोबरी झाली तर मध्यावर. गुणफलक १-१. दुसऱ्या अर्धाची त्याची आठवी, म्हणजे अखेरची पाळी. चेंडू त्याच्या थ्रोअरच्या हातात आहे. टचडाऊनचा पट्टा आठ चौकोन दूर आणि थ्रोअरची चाल सहा. शेजारी प्रतिस्पर्ध्याचा एक खेळाडू त्याला खेटून उभा. री-रोल एकच उरलेला.

उतावीळ कोच सरळ पळ काढतो. वचकातून निसटायला तीनपैकी दोन, मग दोन जादा चौकोनांसाठी दोनदा सहापैकी पाच. गुणाकार केला तर यशाची शक्यता सुमारे ४६ टक्के. एक री-रोल धरला तर ती ७७ टक्क्यांवर जाते. वाईट नाही, असे वाटते आणि हात फाशांकडे जातो.

मुरलेला कोच हात मागे घेतो. त्याच्या नजरेला दोन चौकोनांवरचा ब्लिट्झर दिसतो, ज्याच्याकडे ब्लॉक कौशल्य आहे. आणखी एक साधा खेळाडू मोकळा आहे. तो प्रतिस्पर्ध्याच्या पाठीशी जाऊन उभा राहू शकतो आणि त्यासाठी एकही फासा टाकावा लागत नाही. आधी हा सोबती सरकतो. मग ब्लिट्झर धडक देतो, दोन फाशांवर, घाताची शक्यता छत्तिसात एक. खेटून उभा असलेला माणूस एकतर आडवा होतो किंवा दूर ढकलला जातो. थ्रोअर मोकळा! आता उरले फक्त दोन जादा चौकोन. एकूण शक्यता ६७ टक्के, आणि राखून ठेवलेला री-रोल धरला तर जवळपास ९२.

दोन्ही कोचकडे तीच परिस्थिती होती. एकाने नशिबावर भार टाकला, दुसऱ्याने नशिबाला कमी काम दिले. तरीही ८ टक्के उरतातच. शंभरात आठ वेळा थ्रोअर शेवटच्या चौकोनावर अडखळतो, चेंडू घरंगळतो, आणि प्रतिस्पर्ध्याची आठवी पाळी बाकी असेल तर तोच चेंडू उचलून कुणी उंदीरमानव उलट्या दिशेने सुसाट पळतो. बरोबरी हातची जाऊन पराभव पदरी पडतो. म्हणून प्रश्न फक्त ९२ टक्क्यांचा नसतो. प्रतिस्पर्ध्याचे कोण किती दूर आहे, त्याला किती री-रोल उरलेत, चेंडू निसटल्यास कोणत्या बाजूला जाईल, मागे राखणीला दोघे ठेवता येतील का, आणि हे सगळे ठरवायला घड्याळात किती वेळ आहे, याचा मिळून तो निर्णय असतो. ज्यांना फासा टाकावा लागत नाही अशा सगळ्या हालचाली आधी उरकायच्या, राखणीची माणसे आधी जागेवर न्यायची आणि सर्वांत धोक्याची कृती अखेरीस करायची, हे सूत्र नवख्यांना पहिल्या दिवशीच सांगितले जाते. ते पाळायला मात्र काही वर्षे लागतात, कारण फासा टाकण्याचा मोह मोठा असतो.

सामना शेवटच्या पाळीपर्यंत येऊ देणे हाही एक डावपेच आहे. चेंडूवाल्याच्या चार तिरप्या कोपऱ्यांवर चार सोबती उभे केले, की तयार होतो 'पिंजरा'. तो घेऊन दर पाळीला दोन-तीन चौकोन सरकायचे आणि आठव्या पाळीला टचडाऊन करायचा, म्हणजे प्रत्युत्तराला वेळच उरत नाही. रेषेपाशी येऊनही मुद्दाम न थांबता गुण का घेत नाहीत, हा वाद या खेळाइतकाच जुना आहे. काहींना हे खेळभावनेला सोडून वाटते. पण समोर एका पाळीत पट पार करू शकणारे चपळ उंदीरमानव असतील, तर दोन पाळ्या शिल्लक असताना गुण घेणे म्हणजे त्यांना बरोबरीचे आमंत्रण देणे होय. यात अनैतिक असे काही दिसत नाही. रटाळ मात्र निश्चित आहे. घड्याळाचे तसे नाही. मुद्दाम विचार करत बसून सामन्याच्या पाळ्याच पूर्ण होऊ न देणे हे स्पर्धकांत गंभीर मानले जाते, आणि त्यावर उपाय म्हणून अनेक ठिकाणी बुद्धिबळाचे घड्याळ टेबलावर ठेवतात.

रंग, शिष्टाचार आणि तळाचे बक्षीस

बऱ्याच स्पर्धांत न रंगवलेला संघ चालत नाही. लहानपणी दिवाळीच्या किल्ल्यावरचे मातीचे मावळे ज्यांनी हाताने रंगवले असतील, त्यांना या कामातील आनंद सांगायला नको. येथे डोळ्याची बाहुली आणि पट्ट्याचे बक्कलही रंगवतात. उत्तम रंगकामाला स्वतंत्र बक्षीस असते. कौशल्य असलेल्या खेळाडूच्या पायथ्याला रंगीत कडे अडकवून ते प्रतिस्पर्ध्याला सहज दिसेल अशी व्यवस्था करतात. लपवाछपवी येथे कमीपणाची मानली जाते. फासा पटाच्या कडेवर तिरका अडकला, तर तो पुन्हा टाकायचा हे सामना सुरू होण्यापूर्वीच ठरवून घेतात. प्रतिस्पर्धी एखादा नियम विसरत असेल, तर बहुतेक जण आठवण करून देतात, मग त्यात स्वतःचे नुकसान का होईना. अर्थात, सगळेच एवढे उदार नसतात. सलग तीन वेळा एक पडल्यावर चेहरा पाडून बसणारे, समोरच्याच्या फाशांना 'नशीब' आणि स्वतःच्या फाशांना 'कौशल्य' म्हणणारे महाभागही प्रत्येक सभागृहात दोन-चार सापडतात.

आणि मग हाफलिंगांचे कोच. हाफलिंग म्हणजे कमरेएवढ्या उंचीची खादाड मंडळी; ताकद कमी, चाल कमी, चिलखत नावापुरते. त्यांच्या मदतीला येतात ती प्रत्यक्ष झाडे, जी या चिमुरड्यांना चेंडूसकट उचलून पलीकडे भिरकावू शकतात. संघाचा खास आचारी प्रत्येक अर्धाच्या सुरुवातीला असा काही घमघमाट सोडतो, की प्रतिस्पर्ध्याचे री-रोलच पळवले जातात. जिंकण्याच्या दृष्टीने हा संघ निवडणे शहाणपणाचे नाही, हे सर्वांना ठाऊक असते. तरीही प्रत्येक मोठ्या स्पर्धेत काही जण हाफलिंग किंवा गॉब्लिन घेऊन उतरतात. त्यांच्यापैकी सर्वांत वर राहणाऱ्याला अनेक ठिकाणी वेगळा चषक मिळतो, आणि अख्ख्या स्पर्धेत तळाला राहणाऱ्याच्या हाती लाकडी चमचा येतो. तो देताना होणारा टाळ्यांचा कडकडाट विजेत्याच्या टाळ्यांपेक्षा कमी नसतो.

रविवारी संध्याकाळी सहाच्या सुमारास निकाल वाचून होतो. विजेता छायाचित्रासाठी उभा राहतो. बाकीचे आपापले खेळाडू मोजून फोमच्या खाचांत किंवा लोहचुंबकी तळाच्या डब्यांत ठेवू लागतात. शेवटच्या चौकोनावर अडखळलेला तो थ्रोअरही त्यांत असतो. टेबलाखाली घरंगळलेला फासा शोधायला कुणीतरी वाकलेले असते, आणि दाराशी उभे असलेले दोघे, गाडी चुकेल याची फिकीर न करता, अजून चौथ्या फेरीतल्या सहाव्या पाळीबद्दल बोलत असतात.